केस येतील, बोटांचं काय?

केमो म्हटलं की आपल्याला आधी आठवतात केस. विग, स्कार्फ, 'परत येतील गं' वगैरे वगैरे. बोटांबद्दल कुणी फारसं बोलत नाही. माझ्या मावशीला मात्र पहिली काळजी बोटांचीच होती. कारण ती एका पतसंस्थेत कॅशियर आहे. बावीस वर्षं नोटा मोजतेय. खोटी नोट डोळ्यांच्या आधी तिच्या अंगठ्याला कळते!

ब्रेस्ट कॅन्सरसाठी तिला पॅक्लिटॅक्सेल द्यायचं ठरलं. दर आठवड्याला एक, असे बारा डोस. हे औषध पेशींमधल्या अतिसूक्ष्म नळ्या जखडून टाकतं, त्यामुळे कॅन्सरच्या पेशींची वाढ थांबते. पण नसांमध्ये मालाची ने-आण याच नळ्यांवरून चालते! त्यामुळे सगळ्यांत लांबच्या, म्हणजे हातापायांच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या नसांना आधी फटका बसतो. मुंग्या येतात, बोटं बधिर होतात, साधं बटण लागत नाही. डॉक्टरी भाषेत, पेरिफेरल न्यूरोपॅथी. केमो संपली की ती जातेच असं नाही, काहींना वर्षानुवर्षं पुरते.

मी पडले फ्रीलान्सर. त्यामुळे दर मंगळवारी मावशीसोबत जायची ड्यूटी आपसूक माझ्याकडे आली. सवयीने माहिती काढायला बसले. गोळ्यांच्या बाबतीत निराशाच! 'ॲस्को' या अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्येच सांगितलंय, की हा त्रास टाळण्यासाठी कुठलंही औषध सुचवता येत नाही. असिटिल-एल-कार्निटिन तर घेऊच नका, त्याने त्रास वाढू शकतो.

आशा होती ती चक्क थंडीत. गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि बोटांपर्यंत औषध कमी पोहोचतं. २०१८ मध्ये जपानी संशोधकांनी ३६ पेशंट्सच्या एका हातात गोठवलेला ग्लोव्ह घातला, दुसरा हात मोकळा ठेवला. थंड हाताला त्रास कमी झाला. २०२५ मध्ये छापून आलेल्या जर्मनीतल्या 'पोलार' अभ्यासातही तेच. मध्यम किंवा त्याहून जास्त न्यूरोपॅथी थंड हातात २९ टक्के, मोकळ्या हातात ५० टक्के. घट्ट सर्जिकल ग्लोव्हजनेही फायदा दिसला.

डॉक्टरांनी होकार दिला आणि आमची वरात निघाली. रिक्षात मी, मावशी आणि आइसबॉक्स! ड्रिपच्या पंधरा मिनिटं आधीपासून पंधरा मिनिटं नंतरपर्यंत जेलचे ग्लोव्हज, मध्येच एकदा जोडी बदलायची. "आता कुल्फीचा धंदा काढू या," मावशी कुडकुडत म्हणायची.

आठव्या आठवड्यात तिला ब्लाउजचे हुक लागेनात. "डॉक्टरांना सांगू नकोस हं. डोस कमी करतील, मग कॅन्सर परत आला तर?" ती हळूच म्हणाली. ही भीती अनेकांना असते, आणि म्हणूनच बधिरपणा लपवला जातो. मी एवढंच विचारलं, "मावशी, कॅश जुळली नाही तर तू कधी सांगतेस?"

"त्याच दिवशी."

मग तिनेच डॉक्टरांना सांगितलं. डोस थोडा कमी झाला, पण बाराही पूर्ण झाले. आज तिच्या डाव्या हाताची दोन बोटं जराशी बधिर आहेत. अंगठा शाबूत! एका मावशीवरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं.

पण तुमच्या घरी कुणाची केमो सुरू होणार असेल, तर पहिल्या डोसच्या आधीच डॉक्टरांना ग्लोव्हजबद्दल विचारा. परस्पर प्रयोग मात्र नको. बर्फ थेट कातडीला लावायचा नाही. आणि औषध ऑक्सॅलिप्लॅटिन असेल, तर गारव्यानेच मुंग्या आणि वेदना वाढतात, तिथे थंड पाण्यापासूनही हात जपावे लागतात. डायबेटिस असेल, तर तेही आधीच सांगा. केमो संपल्यावरही काही महिने लक्ष ठेवा, कारण त्रास नंतरही वाढू शकतो.

आणि हो, 'कशी आहेस?' असं विचारलं की सगळे 'बरी आहे' म्हणतात. त्यापेक्षा विचारा, 'बटण लागतंय ना?'