ग्रँट डफच्या गावाहून आलेली भेट

सातारच्या ज्या घरात आमचे बालपण गेले, त्या घराच्या माडीवरील शिसवी कपाटात ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास होता. आमचे तीर्थरूप तो ग्रंथ वरचेवर काढीत, पण बहुधा त्याच्याशी भांडण्यासाठीच. पुण्याच्या नीळकंठराव कीर्तन्यांनी विद्यार्थिदशेत या साहेबाच्या चुका कशा दाखवून दिल्या, हे ते मोठ्या अभिमानाने सांगत; आणि तरीही ग्रंथ परत ठेवताना त्याच्यावरची धूळ आपल्या उपरण्याने पुसत. १८१८ ते १८२२ या काळात छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या दरबारी राहिलेला, कागदपत्रे जमवून प्रकृती बिघडेपर्यंत खपलेला हा परका मनुष्य आमच्या घरात जणू एखाद्या तऱ्हेवाईक आप्तासारखा वावरत असे.

म्हणून चिरंजीवांनी ॲबर्डीन येथे नोकरी धरली आणि आम्हां उभयतांना तिकडे बोलावून घेतले, तेव्हा एडिंबरोचा किल्ला अथवा लॉक नेसचे सरोवर यांपेक्षा बॅन्फ पाहण्याचीच ओढ आम्हांस अधिक होती. डफसाहेबाचा जन्म १७८९ साली याच गावी झाला. वयाच्या सोळाव्या वर्षी तो मुंबईस आला, १८२३ मध्ये मायदेशी परतला, १८२६ मध्ये त्याचा इतिहास तीन खंडांत प्रसिद्ध झाला आणि १८५८ मध्ये तो वारला. उत्तर आयुष्य त्याने बॅन्फपासून काही मैलांवर, डेव्हरन नदीकाठच्या एडन या आपल्या मातुल घराण्याच्या इस्टेटीवर काढले. आडनावातील ‘डफ’ हे त्या इस्टेटीबरोबरच आलेले. सातारकरांनी ज्याला पाहिले तो नुसता ग्रँट होता.

बॅन्फला आता आगगाडी जात नाही. ती १९६४ साली बंद झाली. ॲबर्डीनहून मोटारीने दोन तास लागतात. वाटेत ओटची व सातूची शेते, दगडी कुंपणे, आणि वाऱ्याने एकाच बाजूस कललेली झाडे. शेवटच्या वळणावर एकदम उत्तरसमुद्र दिसतो. डेव्हरन जेथे समुद्रास मिळते तेथे अलीकडे बॅन्फ आणि पलीकडे मॅक्डफ अशी दोन गावे समोरासमोर उभी आहेत, आणि मध्ये स्मीटन नावाच्या प्रसिद्ध स्थापत्यविशारदाने बांधलेला सात कमानींचा पूल आहे. कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर वाढलेल्या माणसाला हे दृश्य परके वाटण्याचे कारण नव्हते. फक्त थंडी मात्र परकी होती. सौ.नी भर जुलैत दोन शाली पांघरल्या होत्या.

गावाच्या कडेला डफ हाउस नावाचा भव्य प्रासाद आहे. विल्यम ॲडम याने १७३५ मध्ये त्याचे काम आरंभिले. पण खर्चावरून धनी आणि स्थपती यांचे असे बिनसले की प्रकरण कोर्टात गेले. धनी त्या वाड्यात कधीच राहिला नाही. वाड्यावरून जाताना तो आपल्या गाडीचे पडदे ओढून घेत असे, अशी आख्यायिका तेथे सांगतात. भाऊबंदकीचे वाडे आपण सातारा-वाईकडे पुष्कळ पाहिले आहेत. त्यामुळे त्या गृहस्थाची आम्हांस कीवच आली.

आम्ही उतरलो ते एका वृद्ध विधवा बाईंच्या घरी. त्या वरच्या दोन खोल्या प्रवाशांस भाड्याने देत. त्यांची बोली डॉरिक नावाची. तीत इंग्रजी ‘व्ह’च्या जागी ‘फ’ येतो, म्हणून पहिल्या दिवशी त्यांनी ‘फिट लाइक?’ असे विचारले तेव्हा आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहतच राहिलो. त्याचा अर्थ ‘कसं काय?’ एवढाच. आम्ही शाकाहारी, हे कळल्यावर त्यांनी वाद न घालता सकाळी ओटची लापशी आणि रात्री बटाट्याचे सूप करून वाढले.

दिवाणखान्यातील तावदानी कपाटात एकच बाटली होती. आम्ही मद्य घेत नाही, तरी तिची हकीकत विचारल्यावाचून राहवले नाही. आणि बाईंचे दोन संध्याकाळचे बोलणे त्या प्रश्नातून निघाले. त्यांचे यजमान गावापासून मैलभर पश्चिमेस असलेल्या इन्व्हरबॉयंडीच्या बॅन्फ डिस्टिलरीत कामास होते. ही भट्टी १८२४ मध्ये निघाली. त्याच्या आदल्याच वर्षी सरकारने कायदा करून जकात उतरवली होती, त्यामुळे डोंगरदऱ्यांत चोरून चालणाऱ्या भट्ट्या उजेडात येऊ लागल्या होत्या. १८६३ मध्ये ती इन्व्हरबॉयंडीस आली. १८७७ मध्ये आगीत जळाली, पुन्हा उभी राहिली. १९४१ च्या ऑगस्टमध्ये एका जर्मन विमानाने तिच्या गोदामावर बाँब टाकले. पिंपे फुटली, व्हिस्की ओढ्यास मिळाली, आणि गावची बदके व गाई झिंगून पडल्या, असे लोक अद्याप हसत सांगतात. अखेर १९८३ मध्ये, देशभर पिंपांचा साठा खपापेक्षा फाजील झाला तेव्हा, पुष्कळ भट्ट्यांबरोबर हीही बंद पडली आणि पुढे पाडली गेली.

‘स्कॉच’ हे नाव सहजासहजी मिळत नाही. सातू भिजवून मोड आणायचे, वाळवून भरडायचे, गरम पाण्यात त्यातील साखर उतरवायची, आंबवायचे आणि मग तांब्याच्या उंच मानेच्या भांड्यांतून गाळायचे. आणि निघालेला अर्क ओकच्या पिंपांत, स्कॉटलंडच्याच भूमीवर, निदान तीन वर्षे मुरू द्यायचा, असा कायदा आहे. दर साल पिंपातील शेकडा दोन भाग हवेत उडून जातो. त्याला तिकडे ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. पण बाटलीत भरल्यावर ती पुढे मुरत नाही. जशी भरली तशीच राहते. बंद पडलेल्या भट्टीच्या बाटलीचे मोल यामुळेच. तिच्यासारखी दुसरी आता कोणी करू शकत नाही, आणि असलेली रोज कमी होत जाते. बाईंच्या कपाटातील बाटलीवर १९७६ साल होते. त्या वर्षी भट्टीवर त्यांचे यजमान होते.

निघण्याच्या दिवशी मोटारीच्या थांब्यावर बाईंनी लोकरीच्या मफलरीत गुंडाळलेली एक वस्तू सौ.च्या हाती दिली. ती तीच बाटली होती. आम्ही गडबडून गेलो. ‘आम्ही पीत नाही, बाई,’ असे म्हणालो. त्या म्हणाल्या, ‘ठाऊक आहे. म्हणूनच देते. पिणाऱ्यास दिली तर एका रात्रीत संपेल, आणि माझी मुले ती माझ्यामागे लिलावात घालतील. तुमच्याकडे ती राहील.’ मग एवढेच बजावले की, आडवी ठेवू नका. आतील अर्काने बूच खाल्ले जाते.

त्या वेळी आम्ही जे बोललो नाही ते येथे लिहितो. आमचे धाकटे बंधू चव्वेचाळिसाव्या वर्षी गेले ते दारूनेच. चारचौघांत मानाने वागणारा, हिशेबाला चोख, मुलांना कडेवर घेऊन गावभर हिंडणारा असा तो मनुष्य पाच वर्षांत ओळखू येईनासा झाला. त्या दिवसापासून आमच्या एकत्र कुटुंबाच्या उंबरठ्याच्या आत हा पदार्थ आलेला नाही. त्यांच्या पत्नी आजही आमच्या घरातील स्वयंपाकघराच्या स्वामिनी आहेत. थांब्यावर उभे राहून हे सर्व त्या परक्या वृद्धेस सांगावे, इतके धैर्य आम्हांस झाले नाही, आणि वेळही नव्हता. मोटार आली, आणि बाटली आमच्या मांडीवर राहिली.

ॲबर्डीनला चिरंजीवांनी तिच्यावरची चिठ्ठी वाचली आणि ते ताडकन उभेच राहिले. अशा बाटलीस शेकडो, प्रसंगी हजारो पौंड येतात, असे ते म्हणाले. लंडनच्या लिलावात २०२३ साली १९२६ च्या एका मॅकॅलन बाटलीला एकवीस लाखांवर पौंड पडले, हेही त्यांनी सांगितले. क्षणभर आमच्याही मनात माडीच्या गळक्या छपराचा विचार येऊन गेला, हे नाकारून उपयोग नाही. सौ.नी मफलर पुन्हा गुंडाळली आणि ती पेटी आवरू लागली.

कस्टमची अडचण आली नाही. प्रवाशास दोन लिटरपर्यंत मुभा आहे. परंतु आमच्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये मद्य बाळगावयास परवाना लागतो, आणि तो प्रकृतीच्या रक्षणार्थ देतात. जन्मात थेंब न चाखलेल्या आमच्यासारख्या म्हाताऱ्याने प्रकृतिस्वास्थ्याच्या नावाखाली दारूचा परवाना काढला, हे वाचून आमच्या जुन्या विद्यार्थ्यांस गंमत वाटेल.

घरी पोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी आम्ही बाटली धाकट्या बंधूंच्या पत्नींपुढे ठेवली आणि सर्व हकीकत सांगितली. ‘तू म्हणशील तसे करू. घरात नको असेल तर उद्या सकाळी परत पाठवतो,’ असे म्हणालो. त्यांनी बाटली उचलली नाही. पण मफलरीचे टाके पुष्कळ वेळ पाहिले. मग विचारले, ‘दादा, त्या बाईंचे यजमान पीत होते का हो?’

आम्ही निरुत्तर झालो. दोन संध्याकाळ बसून सातू, पिंपे, तांब्याची भांडी, जर्मन विमान, सगळे विचारले होते. हे विचारले नव्हते.

‘विचारायला हवं होतं,’ त्या म्हणाल्या.

त्याच रात्री आम्ही बॅन्फला पत्र लिहिले. थांब्यावर जे राहून गेले तेही त्यात लिहिले. महिन्याने उत्तर आले, थरथरत्या पण स्वच्छ अक्षरांत. यजमान पीत असत. कामाच्या दिवशी रात्री एक पेला, रविवारी दोन. भट्टी बंद झाल्यावर मात्र वर्षभर मोजदाद राहिली नव्हती. ते वर्ष आपण कसे काढले हे आपण कधी कोणास सांगितले नाही, असे बाईंनी लिहिले होते. आणि बाटली नकोशी झाली असेल तर ओतून टाका, मला राग येणार नाही, असेही.

ते पत्र आम्ही मराठीत वाचून दाखविले. त्यांनी दुसऱ्यांदा वाचावयास सांगितले. नंतर माडीवर जाऊन त्यांनी शिसवी कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केला, तेथे बाटली मफलरीसह उभी ठेवली, आणि किल्ली आपल्या जुडग्यात अडकवली. बॅन्फला उत्तर त्यांनीच सांगितले. आम्ही केवळ इंग्रजी केले. तेव्हापासून दर दोन-तीन महिन्यांनी सातारा आणि बॅन्फ यांच्यामध्ये पत्रे जातात. त्यांतला मजकूर काय असतो हे आम्हांस भाषांतरापुरते ठाऊक आहे, आणि येथे लिहिण्याची परवानगी नाही.