एक रिकामं फील्ड

तर झालं असं, की दोन महिन्यांपूर्वी एका शनिवारी सकाळी (म्हणजे आपल्या हिशोबाने सकाळी, साडेअकराला) चुलत बहिणीचा फोन आला. "दादा, तुझ्याकडे एक काम आहे. नाही म्हणायचं नाही."

आयटीतल्या माणसाला नातेवाइकांचा असा फोन आला की दोनच शक्यता असतात. प्रिंटर बिघडलाय किंवा फोनची मेमरी भरलीय. ही तिसरीच निघाली. तिच्या लग्नाची वेबसाइट तयार होती. कार्यक्रम, हॉलचा नकाशा, येणार की नाही ते कळवायचा फॉर्म, सगळं झालं होतं. तिला आणखी एक पान हवं होतं. घरातल्या गेलेल्या माणसांचं.

"आजी-आजोबांपैकी कोणीच नाही ना रे लग्नाला. निदान तिथे तरी असू देत."

एका रविवारचं काम, मी मनात म्हटलं. फोटो, नाव, जन्म-मृत्यूची वर्षं, खाली दोन ओळी. एक टेम्प्लेट केलं की डेटा भरायचा, बस्स!

पहिला बग रिपोर्ट काकांकडून आला. वधूपिताच तो, त्याचं तिकीट 'क्रिटिकल' धरणं भाग होतं :-) "अरे, शुभकार्याच्या पानावर गेलेल्यांचे फोटो कुठे लावतोस? लोक काय म्हणतील?" मी गडबडलो. बहीण मात्र हुशार. तिने थेट गुरुजींनाच फोन लावला, स्पीकरवर.

गुरुजी हसले. म्हणाले, "अहो, ग्रहमखाच्या दिवशी तुम्ही नांदीश्राद्ध करणार आहात ना? ते दुसरं काय असतं? घरात मंगलकार्य निघालं की आधी पितरांना बोलवायचं, तेसुद्धा आनंदाने. आणि त्यात क्रमही ठरलेला आहे. आधी आई, आजी, पणजी. मग वडील, आजोबा, पणजोबा. मग आईच्या माहेरचे."

खरं सांगतो, मला हे अजिबात माहीत नव्हतं. माझ्या लग्नात मी त्या वेळी बहुतेक नाश्त्याच्या रांगेत असेन. म्हणजे आम्ही जे पान 'नवीन फीचर' म्हणून बनवत होतो, ते मूळ सिस्टिममध्ये कधीचं होतं, आणि तिथे सॉर्ट ऑर्डरमध्ये बायका पहिल्या होत्या! माझ्या टेम्प्लेटमध्ये आजोबा पहिले होते. मी गुपचूप क्रम बदलला. काकांनी तिकीट बंद केलं.

मग डेटा. ताईच्या लग्नाच्या पत्रिकेची फाइल सापडली, पण ती प्रेसवाल्याच्या जुन्या फाँटमधली, युनिकोडच्या आधीच्या धाटणीची. स्क्रीनवर सुंदर देवनागरी, कॉपी करून पेस्ट केलं की आजोबांच्या जागी कंस, टक्के आणि उद्गारचिन्हं. शेवटी सगळं हाताने टाइप केलं. टाइप करताना पत्रिका पहिल्यांदाच नीट वाचली. चि., सौ. कां., कै., गं. भा.... आपल्याकडे नावाच्या आधीच माणसाचं स्टेटस लिहिलेलं असतं. आणि बायकांचं स्टेटस सगळ्यात जास्त वेळा अपडेट होतं.

बहीण लग्नानंतर नाव बदलणार नाहीये. ना आडनाव, ना पहिलं नाव. म्हणून तिने सांगून ठेवलं होतं, की प्रत्येक बाईच्या नावाखाली माहेरचं पूर्ण नाव हवं. मी फील्ड टाकलं, आणि इंजिनिअरच्या सवयीने ते 'आवश्यक' करून ठेवलं. रिकामं ठेवलं तर सेव्ह होणार नाही.

आईच्या आईचं नाव मिळालं. काकूच्या आईचं मिळालं. आमच्या आजीपाशी मात्र सगळं अडलं.

आजी 1961 साली गेली. तेव्हा आत्या बारा वर्षांची, बाबा आठ, काका पाच. घरात आजीचा उल्लेख कायम सासरच्या नावाने, तोही वर्षातून एकदा, तिथीला. मी बाबांना विचारलं. ते बराच वेळ छताकडे बघत बसले. "आई होती. आईला आम्ही आई म्हणायचो." काकांना तेवढंही आठवत नव्हतं. आजोळी जाणं-येणं आजीनंतर हळूहळू थांबलं होतं.

मी विचार करायला लागलो. आपल्याकडे माणसाच्या नावाचे तीन भाग. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. लग्न झालं की बाईचे मधलं आणि शेवटचं बदलायचंच, पण पुष्कळ घरांत पहिलंही बदलायचे. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यावर नवं नाव लिहायचं, सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या आणि तांदूळ परत डब्यात. तीनपैकी तिन्ही फील्ड ओव्हरराइट, आणि हिस्टरी टेबल नाही! आमच्या कंपनीत असं डिझाइन कोणी आणलं असतं तर रिव्ह्यूमध्ये त्याची सालं काढली असती. 2024 साली राज्य सरकारने ठरवलं, की त्या वर्षीच्या 1 मेपासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांवर वडिलांच्या आधी आईचं नाव येणार. चांगलंच झालं. पण आजीपर्यंत तो पॅच जात नाही.

आत्याला मी आधीच का विचारलं नाही? कारण सोपं आहे, आणि त्याची लाज वाटते. आत्या आता शहात्तर वर्षांची. तीच गोष्ट तीनदा विचारते, गॅस चालू राहतो, परवा घराचा पत्ता विसरली होती. आम्ही सगळ्यांनी तिला 'काही विचारण्यात अर्थ नाही' या खात्यात टाकून दिलं होतं.

रविवारी दुपारी फोन केला. दोन वेळा तिने मला बाबा समजून जेवलास का विचारलं. मी म्हटलं, "आत्या, आजीचं माहेरचं नाव काय गं होतं?"

क्षणाचाही वेळ लागला नाही. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तिन्ही. वर हेही, की मामा घाटावरून हाक मारायचा तेव्हा नावाचं अर्धंच रूप ऐकू यायचं.

ते नाव मी इथे लिहीत नाही, ते त्या पानावर आहे. पण आजीचं माहेर वाईचं, घर नदीच्या घाटालगत, आणि नदीच्या उत्सवात ती फुगडी घालायची हेही आत्यानेच सांगितलं. कोणत्या नदीचं नाव ते ओळखा.

मी लगेच भरून टाकलं. सेव्ह झालं.

मग फोटो. आजीचा एकच फोटो आहे, 1958 च्या कुठल्याशा लग्नातला ग्रुप फोटो. 600 डीपीआयला स्कॅन करून मी फक्त तिचा चेहरा कापून घेतला होता, आजोबांच्या स्टुडिओतल्या फोटोशेजारी नीट चौकोनात बसावा म्हणून. आत्याकडे जाऊन टॅबवर दाखवला. ती म्हणाली, "हात कुठे गेला?"

"कुठला हात?"

"तिचा हात माझ्या खांद्यावर होता. तो कशाला कापलास?"

मूळ फाइल उघडून पाहिली. खरंच होता. आजीच्या कडेवर काका, आणि एक हात नऊ वर्षांच्या, कॅमेऱ्याला घाबरलेल्या मुलीच्या खांद्यावर. मी इतके दिवस त्या फोटोत फक्त पिक्सेल बघत होतो. चौकोन मोडला, लेआउट बिघडलं, आता आजीचा फोटो सगळ्यांपेक्षा रुंद आहे. राहू दे तसाच.

ग्रहमखाच्या दिवशी काका सोवळं नेसून पाटावर बसले. नांदीश्राद्ध सुरू व्हायच्या आधी त्यांनी गुरुजींना हळूच विचारलं, "आईचं जन्माचं नाव कळलंय आता. घेतलं तर चालेल का?" गुरुजी म्हणाले, "मनात घ्या."

काकांनी डोळे मिटले. ओठ हलले. एकोणसत्तर वर्षांच्या माणसाने आईला पहिल्यांदाच तिच्या नावाने हाक मारली असेल.

आत्या पुढच्याच खुर्चीत बसली होती. थोड्या वेळाने तिने मला विचारलं, "लग्न कुणाचं आहे रे?" मी सांगितलं. पाच मिनिटांनी परत विचारलं. परत सांगितलं.

असो. हे वाचून झालं की घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला एक फोन करा. 'त्यांना आता काही आठवत नाही' असं ठरवून टाकलं असेल, तर आधी त्यांनाच करा.