गोलच्या पाठीमागे

जपानच्या पूर्व किनाऱ्यावर एक रेल्वे स्टेशन आहे, तिथे गाड्या फक्त सामन्याच्या दिवशी थांबतात. काशिमा सॉकर स्टेडियम हेच त्याचं नाव. एरवी तिथे फलाट असतो, रूळ असतात, पॅसिफिकवरून येणारा खारट वारा असतो आणि न थांबता पुढे निघून जाणारी गाडी. मग सामन्याचा दिवस उजाडतो आणि त्या मुक्या फलाटावर गडद लाल जर्सी घातलेली माणसं उतरू लागतात, आजोबा, त्यांचं बोट धरलेली नात, गुंडाळलेला झेंडा खांद्यावर टाकलेली पोरं, भाताचे गोळे बांधून आणलेल्या बायका, आणि साऱ्यांची पावलं एकाच दिशेला वळलेली. आषाढाच्या तोंडावर आमच्या हिंगोलीच्या फलाटावर अशीच माणसं दिसतात. त्यांनाही वाट विचारावी लागत नाही.

मी त्या गर्दीत उतरलो.

ही ओढ लागली ती कयाधूकाठच्या आमच्या घरात, २००२ च्या जूनमध्ये. विश्वचषक जपान आणि कोरियात चालला होता, त्यामुळे सामने आपल्याकडे भर दिवसा दिसत. मृग अजून लागायचा होता. शिवार नांगरून-वखरून उघडं पडलेलं, बांधावरची बाभूळ सोडली तर हिरवं म्हणावं असं काही नाही, आई ओसरीवर बियाण्याची ज्वारी निवडत बसलेली, आणि आत पडद्यावर अर्जेंटिना आणि नायजेरिया. कॉर्नरवरून वळत आलेल्या चेंडूला बातिस्तुतानं डोकं लावलं, जाळं फुगलं आणि त्या जाळ्यामागे उसळलेली माणसं मला दिसली. खेळाडूंपेक्षा तीच लक्षात राहिली. कुणाचे हात वर, कुणाचे डोळे मिटलेले, कुणी शेजाऱ्याच्या गळ्यात पडलेलं, आणि त्यांच्यापुढे ती ओली, गार, दूरदेशीची हिरवळ. तेवढ्यात लाइट गेली.

काळ्या पडद्यावर ते हिरवं कितीतरी वेळ दिसत राहिलं.

तो सामना काशिमाच्या मैदानावर झाला होता. पुढे पुण्यात शिकताना बालेवाडीला पुणे एफसीचे सामने पाहायला जायचो, तेव्हा तिथे इझुमी अराता खेळायचा. शिमोनोसेकीत जन्मलेला, आई जपानी, वडील गुजराती. आपलं जन्माचं नागरिकत्व सोडून त्यानं इथलं घेतलं आणि २०१३ मध्ये भारताची जर्सी घातली. रिकाम्या खुर्च्यांच्या रांगांमधून त्याच्या बुटाचा चेंडूवर पडलेला आवाज स्पष्ट ऐकू येई. हा माणूस इतकं अंतर चालून आपल्याकडे आला, आपणही एकदा त्या बाजूला जायला हवं, असं त्या आवाजात मला ऐकू यायचं.

टोकियोत आधी दुकानं हिंडलो. जिंबोचो भागात जुन्या पुस्तकांची दुकानं आणि खेळाच्या सामानाची दुकानं एकाच रस्त्याला लागून आहेत, आणि एका दारातून पिवळ्या कागदाचा तर दुसऱ्यातून कोऱ्या रबराचा वास येतो. जुन्या मासिकांच्या थप्पीपुढे मी उकिडवा बसून राहिलो. जपानच्या व्यावसायिक जे लीगचा पहिला सामना १५ मे १९९३ रोजी टोकियोच्या राष्ट्रीय मैदानावर झाला, वेर्डी कावासाकी विरुद्ध योकोहामा मारिनोस. ते मैदान पाडून आता तिथे नवं उभं आहे, पण छापील कागदावर त्या रात्रीचे दिवे अजून लागलेले असतात. पुढच्या दुकानात काशिमाच्या क्लबचा सुती मफलर घेतला. विकणाऱ्या मुलीनं त्याची घडी अशी घातली की क्लबचं चिन्ह वर यावं, आणि मग दोन्ही हातांनी पुढे केला. मीही नकळत दोन्ही हात पुढे केले, प्रसाद घेताना करतो तसे.

काशिमाचा रस्ता भातखाचरांतून जातो. कितौरा तलावावरच्या लांब पुलावरून गाडी हळू चालते, आणि खिडकीच्या दोन्ही अंगांना इतकं पाणी पसरतं की डबाच पोहतो आहे असं वाटावं. मग देवस्थान येतं, काशिमा जिंगू, उंच झाडांच्या सावलीत बुडालेलं. तिथे हरणं राखली आहेत, आणि क्लबनं आपलं नाव त्यांच्याच शिंगांवरून घेतलं. झाडीच्या पलीकडे पोलादाचा कारखाना, त्याच्या पलीकडे समुद्र. गावाची वस्ती सत्तर हजारांच्या आत. आमच्या हिंगोली शहराहूनही लहान.

एवढ्याशा गावानं क्लब कसा उभा केला, हे मला तिथल्या वाऱ्याला विचारावंसं वाटत होतं. नवी व्यावसायिक लीग ठरत होती तेव्हा इथे होता तो फक्त कारखान्याचा संघ, तोही दुसऱ्या श्रेणीतला. छत असलेलं, पंधरा हजार खुर्च्यांचं मैदान असेल तरच विचार होईल, असं त्यांना कळलं. त्यांनी मैदान बांधलं. आणि झिको आला. ब्राझीलचा झिको, माराकानाच्या लाटांवर वाढलेला, १९९१ मध्ये या भाताच्या आणि पोलादाच्या गावात कारखान्याच्या संघाकडून खेळायला आला. १६ मे १९९३ ला, लीगच्या पहिल्याच फेरीत, काशिमानं नागोयाला ५-० असं हरवलं, त्यातले तीन गोल चाळिशीतल्या झिकोचे. आता मैदानाबाहेर तो पुतळा होऊन उभा आहे. हाच माणूस २०१४ मध्ये गोव्यात एफसी गोवाला शिकवायला आला होता, हे आठवून मला फार बरं वाटलं. मोठी माणसं लहान गावांत येतात तेव्हा गावांना आपली उंची कळते.

आत शिरल्यावर मी मुख्य बाजूच्या खुर्च्यांकडे गेलो नाही. मला गोलच्या मागे उभं राहायचं होतं. तिथून सामना नीट दिसत नाही, पलीकडच्या गोलपुढची धुमश्चक्री तर नुसती धूसर हालचाल असते. तरीही क्लबचे सर्वांत जिवलग लोक तिथेच उभे राहतात. ढोल वाजायला लागतो आणि थांबतच नाही. पुढे एका उंचवट्यावर एक पोरगा मैदानाकडे पाठ करून उभा असतो, लोकांना सूर देत, हातांनी लय वर उचलत, खाली सोडत. सामना ज्याच्यासाठी जीव की प्राण, तोच सामन्याला पाठमोरा.

त्याला पाहिलं आणि औंढा आठवलं.

तिथल्या नागनाथाची गोष्ट आमच्याकडे घरोघर सांगतात. नरसीचे नामदेव देवळापुढे कीर्तनाला उभे राहिले, पूजेत व्यत्यय नको म्हणून त्यांना मागे जायला सांगितलं गेलं, ते मुकाट्यानं मागे गेले, आणि जिथून देव दिसत नव्हता, दिसत होती ती फक्त काळी दगडी भिंत आणि तिच्यावर कोरलेले मूक गजथर, तिथे उभं राहून त्यांनी टाळ वाजवला, नाव घेतलं, गाता गाता रडले, रडता रडता गायले, आणि मग म्हणे दगड हलला, शिखर हललं, सावल्यांनी आपापल्या जागा सोडल्या.

देऊळ फिरलं.

नंदी आजही दारासमोर नाही, हे दाखवून मोठी माणसं पोरांना ही गोष्ट पटवतात. मला ती पटवावी लागली नव्हती, पण तिचा अर्थ अंगावरून गेला तो काशिमात, त्या तिरप्या पायऱ्यांवर. आमचा संघ एका गोलनं मागे पडला होता. आमचा, असं मी केव्हा म्हणू लागलो ते आठवत नाही. समोरच्या स्टँडमध्ये शांतता पसरली आणि आमच्या बाजूनं मात्र गाणं उलट चढत गेलं, शब्द न कळणाऱ्या माझ्याही तोंडून निघू लागलं, हजारो लाल मफलर डोक्यावर ताणले गेले, आणि मला स्वच्छ जाणवलं की सामन्याचं तोंड आता आमच्याकडे वळलं आहे. खुर्च्या जिथे महाग होत्या तिथे फक्त प्रेक्षक होते.

सारे उड्या मारू लागले तेव्हा पायाखालचं काँक्रीट थरथरलं. मी दचकून शेजारच्या गजाला धरलं. वसमतकडच्या पांगरा शिंदे भागात जमीन आतून बोलते, आणि २१ मार्च २०२४ च्या सकाळी तिनं सारा जिल्हा हलवून उठवला होता, ते शरीर विसरलेलं नव्हतं. शेजारी सत्तरीच्या घरातले एक गृहस्थ उभे होते. ११ मार्च २०११ च्या भूकंपात याच मैदानाचं नुकसान झालं होतं आणि काही महिने सामने दुसरीकडे भरवावे लागले. हे गृहस्थ त्याही आधीपासून इथे येत असणार. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, माझा हात गजावरून सोडवला आणि टाळ्यांच्या ठेक्यात मिसळून दिला.

हरलो. कुणी लगेच उठलं नाही. हरलेले खेळाडू गोलच्या मागे चालत आले, वाकले, आणि लोकांनी त्यांच्यासाठी पुन्हा गायलं. मग पिशव्या निघाल्या आणि जो तो आपल्या पायांपाशी वाकून कागद, पेले उचलू लागला. पंढरपुरात नामदेवांनी महाद्वाराची पायरी मागून घेतली, येणाऱ्या-जाणाऱ्यांची धूळ लागावी म्हणून. त्या वाकलेल्या पाठींकडे पाहताना ती पायरीच डोळ्यांपुढे येत होती.

बाहेर पडता पडता त्या गृहस्थांनी खिशातून फोन काढला, त्यात काहीतरी बोलले आणि भाषांतर माझ्यापुढे धरलं. तुम्ही कुठून आलात? मी नकाशा उघडला, मुंबईपासून बोट पूर्वेला नेत नेत हिंगोलीवर ठेवलं. त्यांनी चष्मा वर करून ते नाव नीट पाहून घेतलं. मग पुन्हा फोनमध्ये बोलले. तुमच्या गावाच्या संघाचा रंग कोणता?

माझ्या डोळ्यांपुढे माघातलं शिवार आलं, काढणीला आलेली हळद, पेटलेल्या भट्ट्या, शिजत्या कंदांची वाफ, तिचा मातकट वास, पोरांच्या तळव्यांना धुऊनही न जाणारा तो रंग.

संघ अजून नाही, मी फोनमध्ये म्हणालो, पण रंग पिवळा.