बंदा रुपया, पण घासलेला!

शनिवारचे सकाळचे अकरा. आठवड्याचे पाच दिवस ज्या फोर्टमधून आपण घड्याळाकडे बघत धावतो, तिथे त्या दिवशी मी चक्क रमतगमत चालले होते. पर्समध्ये रुमालात गुंडाळलेला एक रुपया. चांदीचा, व्हिक्टोरिया राणीचा, 1862चा. आजीच्या देवघरातला, ती गेल्यावर माझ्या वाट्याला आलेला. विकायचा नव्हता, फक्त किंमत काढायची होती. निदान आईला तरी तसं सांगितलं होतं!

आणि हो, निघताना त्याला टूथपेस्ट लावून मस्त चमकवला होता. क्लायंटसमोर जायचं तर टापटीप नको?

पहिला स्टॉप रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय. सर फिरोजशहा मेहता रोडवर अमर बिल्डिंगमध्ये, 2004 मध्ये राष्ट्रपती कलामांच्या हस्ते उद्घाटन झालेलं. जवळच मुंबईची जुनी टांकसाळ. माझा रुपया कदाचित तिथेच जन्मला असेल. काचेआड दोन हजार वर्षांपूर्वीची आहत नाणी बघितलीत तर गंमत वाटेल. वेडेवाकडे चांदीचे तुकडे, त्यावर ठशांची गर्दी. चांदी अस्सल आहे का, हे बघताना पुढच्या काळातले सराफही आपले बारीक छाप मारून जायचे. व्यवहारात असा छाप म्हणजे खात्री. आज मात्र नंतरच्या, घडीव रुपयांवर असा छाप दिसला की बरेच संग्राहक नाक मुरडतात.

मग टॅक्सी पकडून चोरबाजार, मटन स्ट्रीट. (शुक्रवारी जाऊ नका, दुकानं बंद असतात.) ग्रामोफोन, झुंबरं, सिनेमाची पोस्टर्स पार करत एका चिंचोळ्या दुकानात शिरले. चाचांनी रुपया कडेने धरला, भिंग लावलं आणि ठिपके मोजायला लागले. ठिपके? तर, 1862 हेच साल 1874 पर्यंतच्या रुपयांवर कायम राहिलं. त्यातला कुठला कधीचा, हे ओळखायला या इवल्याशा ठिपक्यांचाच आधार. काही ठिपकेवाले खूप मिळतात, काही क्वचितच. चाचांचे डोळे चमकले. माझेही!

मग त्यांनी रुपया दिव्याखाली तिरका केला. एक सुस्कारा.

‘‘किसने घिसा इसको?’’

मी गप्प. भिंगातून बघितलं तर राणीच्या गालावर केसासारखे असंख्य चरे, सगळे एकाच दिशेने. भाव मिळाला तो फक्त 11.66 ग्रॅम वजनातल्या चांदीचा.

एवढ्याशा चऱ्यांचं एवढं काय? चाचांनी चहा मागवला आणि समजावलं. संग्राहक नाण्याच्या वयावर रागावत नाहीत. हाताळून झिजलेलं नाक, काळसर पडलेली चांदी, हे सगळं चालतं. तो काळाचा हात. पण टांकसाळीतून निघताना नाण्याला जी मूळ कांती असते, ती एकदा घासून गेली की कुठलाच कारागीर परत आणू शकत नाही. अमेरिकेत विल्यम शेल्डनने 1949 मध्ये नाण्यांच्या प्रतीसाठी 1 ते 70 अशी मोजपट्टी मांडली. आज 70 म्हणजे पाचपट भिंगाखालीही एक डाग दिसता कामा नये. खूप झिजलेल्या नाण्यालाही या पट्टीवर जागा असते. घासलेल्याला मात्र बहुधा आकडाच मिळत नाही, नुसता ‘साफ केलेलं’ असा शेरा. म्हणजे नापासही नाही, थेट परीक्षेबाहेर!

रुपया परत रुमालात गेला. घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘‘अगं, आजी दर लक्ष्मीपूजनानंतर तो नुसता पाण्यातून काढायची आणि मऊ पंचाने टिपायची. घासू द्यायची नाही कुणाला.’’

तेव्हा आठवलं. राणीच्या नावाच्या अक्षरांत लालसर काहीतरी अडकलेलं होतं, तेच तर मी टूथपिकने कोरून काढलं होतं. ते आजीचं कुंकू होतं. कितीतरी दिवाळ्यांचं.

चाचांच्या भिंगात ते नुकसान दिसलं नाही. मला दिसलं.

तुमच्याही घरात असा एखादा काळवंडलेला बंदा रुपया असेल. त्याला जरूर फोर्ट, चोरबाजार फिरवून आणा. पण तसाच न्या, न घासता.