नादारीचा अर्ज

गतवर्षीं नाताळच्या सुटींत माझी धाकटी बहीण व तिचे यजमान आमच्या घरीं आले होते. जेवणें आटोपल्यावर बहिणीनें विषय काढला. "दादा, बेबीला जूनमध्यें पहिलींत घालायची आहे. चांगली शाळा कोणती, तें तूंच सांग." वीस वर्षें मी शिकविण्याचें काम करीत आहें, या प्रश्नाचें उत्तर मजपाशीं तयार असावयास हवें होतें. परंतु तो घरांतूनच आला तेव्हां ध्यानांत आलें कीं, आपल्या शाळेच्या कुंपणापलीकडे शाळा कशा चालतात व किती पैसे घेतात, याविषयीं मला जवळजवळ कांहींच ठाऊक नाहीं. आमची शाळा पांचवीपासूनची. तेव्हां बेबीची सोय येथें होण्याजोगी नव्हती.

तिचे वडील, ज्यांना आम्ही दाजी म्हणतों, पुण्यांत भाड्याची रिक्षा चालवितात. वर्षाकाठीं वीस हजार रुपये शाळेसाठीं काढूं, असें त्यांनीं बोटांवर हिशेब करून सांगितलें. मुलगी इंग्रजी शाळेंत जावी ही त्यांची मनीषा. लहान मुलानें प्रथम मायबोलींतच शिकावें असें माझें मत आहे. परंतु तो वाद मीं दोनदां घातला आणि दोन्ही वेळां हरलों, म्हणून येथें पुन्हां काढीत नाहीं.

प्रथम मीं सरकारी वाट पाहिली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें खासगी विनाअनुदानित शाळांनीं प्रवेशाच्या निदान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घरांतील मुलांस विनामूल्य द्यावयाच्या आहेत. परंतु आर्थिक दुर्बल गटांत बसण्यास महाराष्ट्रांत वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आंत लागतें. म्हणजे महिन्यास साडेआठ हजारहि नव्हे. दाजींची मिळकत त्याहून अधिक आणि शाळेच्या शुल्काहून फार उणी, अशी मधल्यामध्येंच लोंबकळणारी. एका ख्रिस्ती संस्थेच्या विनाअनुदानित शाळेंत गेलों, तर तेथील लेखनिकानें सांगितलें कीं, अल्पसंख्याकांच्या शाळांस हा नियमच लागू नाहीं. तें खरें होतें. सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं तसा निर्णय दिला आहे. आपल्या संस्थांचें स्वातंत्र्य राहावें हें मलाहि मान्य आहे. तरी बेबीचा हात धरून त्या कचेरीच्या पायऱ्या उतरतांना तें स्वातंत्र्य मला फारसें गोड लागलें नाहीं.

मग आम्ही शाळा पाहत हिंडलों. पहिल्या शाळेची इमारत दिसतांच दाजींनीं रिक्षा फाटकापासून पन्नास पावलें दूर उभी केली. पत्रकांत शुल्क ४८,००० रुपये छापलें होतें. मीं लेखनिकास विनंति केली कीं, जून ते एप्रिल या अवधींत पालकाच्या खिशांतून एकूण किती जातील, तेवढा आंकडा कागदावर लिहून द्यावा. ही विनंति त्यास नवी असावी. बस, पुस्तकें, दोन गणवेश, दोन प्रकारचे बूट, सहल, स्नेहसंमेलनाचा पोशाख, अशी भर पडत पडत आंकडा ७१,००० वर गेला. दाजींनीं तो कागद वाचून मजकडे परत दिला व कांहीं बोलले नाहींत.

दुसऱ्या शाळेंत बेबीला रंग व आंकडे विचारले, आणि नंतर आईबापांस समोर बसवून त्यांचें शिक्षण विचारलें. दाजींनीं नववींत शाळा सोडलेली. तें सांगतांना त्यांचा आवाज इतका खालीं गेला कीं बाईंनीं पुन्हां विचारलें. प्रवेशासाठीं मुलाची वा पालकांची अशी परीक्षा घेण्यास त्याच कायद्याच्या १३ व्या कलमानें मनाई आहे, आणि ती मोडणाऱ्या शाळेस पहिल्या वेळीं २५,००० रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. हें मला ठाऊक होतें. तरी मी त्या खोलींत गप्प बसलों, कारण बोललों तर मुलीची जागा जाईल अशी भीति वाटली. पालकांच्या बांकावर बसल्यावर शिक्षकाची जीभ किती लवकर जड होते, तें त्या दिवशीं कळलें.

तिसरी शाळा एका गल्लींत, जुन्या दुमजली घरांत आहे. मुख्याध्यापिकाबाईंजवळ मीं दुसरीच्या वर्गांतील कोणत्याहि एका मुलाची वही पाहण्यास मागितली. पत्रकें हवीं तशीं छापून घेतां येतात. वर्षभराची वही खोटी करणें फार कठीण. बाईंनीं हातास लागली ती दिली. प्रत्येक पान लाल शाईनें तपासलेलें, चुकलेला शब्द खालीं तीनदां लिहवून घेतलेला. वर्गांत ३२ मुलें होतीं. दोन शिक्षिका दहा वर्षांहून अधिक काळ तेथेंच टिकलेल्या. मुलींच्या शौचकूपांत पाणी होतें. तें पाहिल्यावांचून कोणीहि पालकानें परतूं नये. शुल्काविषयीं विचारतां २०११ च्या शुल्कनियमन कायद्याप्रमाणें पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढें तें कसें ठेवलें गेलें, तें सभेचें इतिवृत्त बाईंनीं आपण होऊन दाखविलें. शुल्क २६,००० व इतर खर्च धरून ३४,००० रुपये. निरोप घेतांना त्या म्हणाल्या, "आमचा न्यास थोड्या मुलांना अर्धें शुल्क माफ करतो. उत्पन्नाचा दाखला जोडून १५ मार्चपर्यंत अर्ज द्या." अर्धें माफ झाल्यास एकूण २१,००० होत होते.

येथें आमच्या आठवीच्या विद्यार्थ्यांसाठीं व त्यांच्या पालकांसाठीं एक गोष्ट सांगून ठेवतों. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा आठवींत होते, व निवड झालेल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पालकांचें उत्पन्न साडेतीन लाखांच्या आंत हवें. परंतु ती सरकारी, स्थानिक संस्थांच्या व अनुदानित शाळांतील मुलांसाठींच आहे. म्हणून मीं दाजींना सुचविलें कीं, पहिलीं चार वर्षें त्या गल्लींतील शाळेंत ओढावीं आणि पांचवीला मुलगी आमच्याकडे आणावी. बहीण दहा बायकांच्या भिशींत दरमहा एक हजार टाकीत असे. तिनें जूनची उचल मागून घेतली. मीं पतपेढींतून कर्ज काढण्याचें बोललों, तें दाजींनीं ऐकून घेतलें नाहीं.

दाखला तहशील कचेरींतून फेब्रुवारींतच आला. मार्चचा दुसरा आठवडा लागला तरी अर्ज गेला नव्हता. विचारलें कीं "बघतो" एवढेंच उत्तर. रविवारीं उपासनेनंतर त्यांच्या रिक्षांत बसलों असतां परवान्याच्या कागदांमध्यें चार घड्या घातलेला तो अर्ज मला सांपडला. दाजी रस्त्याकडे पाहत म्हणाले, "दादा, एकदा दिला कीं पोरीच्या नांवापुढं तें कायमचं लागेल."

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांतील मुलांना जेवूं घालण्यासाठीं लक्ष्मीबाईंनीं आपले दागिने, अखेर मंगळसूत्रहि विकलें, हें सर्वांस ठाऊक आहे. तें अन्न खाणाऱ्या मुलांना काय वाटलें असेल, तें मात्र कोणी फारसें सांगत नाहीं.

मीं दाजींना एक गोष्ट सांगितली, जी बहिणीसहि ठाऊक नव्हती. मी सातवींत मिशनच्या वसतिगृहांत होतों. शुल्कमाफीस तेव्हां आमच्यांत नादारी म्हणत, आणि नादार मुलांची यादी फलकावर लागे. वडील खेड्यांत मंडळीचे सेवक. त्यांनीं अर्ज सही करून माझ्या हातीं दिला होता. मीं तो आठ दिवस कंपासपेटींत ठेवला. मुदत टळली. वडील आले, मला एक शब्द बोलले नाहींत, आणि पुढच्या बाजारीं घरची शेळी विकून पैसे भरले. त्या शेळीचें दूध माझी ही बहीण पीत असे. ती तेव्हां तीन वर्षांची होती.

बहीण मागच्या आसनावर बसून सर्व ऐकत होती. ती एवढेंच म्हणाली, "काळी शेळी ना?"

दुसऱ्या दिवशीं दुपारीं आम्ही तिघें शाळेंत गेलों. अर्जांत 'सवलत मागण्याचें कारण' असा रकाना होता. दाजींनीं बराच विचार करून लिहिलें, "रिक्षा भाड्याची आहे." मुख्याध्यापिकाबाईंनीं तो वाचला, दाखला पाहिला आणि पोंच दिली. एप्रिलच्या अखेरीस मंजुरीचें पत्र आलें.

बेबीची वही मी रविवारीं पाहतों. 'बी' हें अक्षर ती अजून उलटें काढते, आणि त्याखालीं लाल शाईची खूण असते.