एकटीचें समूहगान

आयर्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर डोनेगल नांवाचा परगणा आहे. वारा, पाऊस, खडक आणि ओलसर माळरान यांखेरीज निसर्गानें त्याच्या पदरीं फारसें कांहीं घातलेलें नाहीं. परंतु इंग्रजी अमदानींत बहुतेक आयर्लंडनें जी आपली भाषा गमावली, ती तेथील ग्वीडोर या भागांतील घरांतून बोलली जात राहिली. या ग्वीडोरमध्यें १७ मे १९६१ रोजीं ब्रेनन नांवाच्या कुटुंबांत जी कन्या जन्मली, तिला पुढें सारें जग एन्या या नांवानें ओळखूं लागलें. नऊ भावंडांत ती सहावी. तिच्या नांवाचें आयरिश लेखन परक्या माणसास उच्चारतां येण्यासारखें नसल्यामुळें, कानाला ऐकूं येतें तसें तें लिहावयास तिनें पुढें आरंभ केला.

घर मूळचें गाणाऱ्यांचें. वडील लिओ हे नृत्याच्या जलशांतून वाद्यवृंद घेऊन फिरत. १९६८ सालीं त्यांनीं मीनलेक येथें एक मद्यगृह काढलें. (मद्यगृह म्हटल्याबरोबर वाचकांनीं कपाळास आठी घालूं नये. तिकडे गांवचा पार, चावडी आणि गाण्याची बैठक हीं तिन्ही बहुधा तेथेंच भरतात.) आई शाळेंत संगीत शिकवी आणि चर्चमधील गायनवृंद चालवी. १९७० सालीं थोरल्या भावंडांपैकीं तिघांनीं आणि दोघां जुळ्या मामांनीं मिळून एक संच उभा केला. त्याचें नांव क्लॅनड. आयरिश भाषेंत त्याचा मूळ अर्थच 'दोर येथील कुटुंब' असा आहे. मामा आणि भाचे एका व्यासपीठावर, भाषा घरची, चाली घरच्या. एकत्र कुटुंबाचें याहून चांगलें चित्र कोणीं काढावें?

१९८० सालीं एन्या या संचांत दाखल झाली. ती साथीचें गाई आणि सिंथेसायझर वाजवी. दोन वर्षांनीं ती बाहेर पडली. संचाचे व्यवस्थापक निकी रायन आणि त्यांची पत्नी रोमा यांचें इतरांशीं पटेनासें झालें होतें; तीं दोघें निघालीं, आणि त्यांच्याबरोबर तीही निघाली. उत्तर डब्लिनमधील आर्टेन या वस्तींत रायन दांपत्याच्या घरीं ती राहिली. आपला सॅक्सोफोन तिनें विकला, पियानोच्या शिकवण्या धरल्या, आणि बागेंतील एका खोपटांत तिघांनीं ध्वनिमुद्रणाची खोली थाटली. चाल तिची, शब्द रोमाचे, ध्वनीची रचना निकीची. २०१५ सालच्या 'डार्क स्काय आयलंड'पर्यंत ही वांटणी बदलली नाहीं.

ही कथा मला कळली ती माझ्या पुतणीमुळें. आमच्या घरीं आजोबांच्या वेळेपासून गायनवर्ग आहे. घरच्या मुलांनीं आधीं त्यांत शिकावें आणि मग शिकवावें, असा शिरस्ता. गेल्या वर्षीं दादांच्या धाकट्या मुलीनें सांगितलें कीं, मला वर्ग चालवावयाचा नाहीं. चित्रपटांना संगीत द्यावयाचें आहे. पुढें काय झालें तें, ज्यांच्या घरीं रोज पंधरा पानें वाढलीं जातात त्यांना सांगावयास नको. वहिनी दोन दिवस बोलल्या नाहींत. दादा बोलले, पण ते न बोलते तर बरें होतें. तेव्हां पुतणीनें आपली साक्षीदार म्हणून जी उभी केली ती ही डोनेगलची बाई. मीही हेडफोन कानाला लावला. दोन्ही पक्षांची समजूत घालणें सोपें जावें, एवढाच त्यांत हेतु.

प्रथम ऐकणाऱ्यास हा पन्नास बायकांचा वृंद वाटतो. वस्तुतः तो एकाच कंठाचा आहे. अमेरिकेंतील फिल स्पेक्टर यांनीं वाद्यांवर वाद्यें रचून जी ध्वनीची भिंत उभी केली, ती मनुष्यकंठानें उभारावी, ही कल्पना निकी रायन यांच्या मनांत घर करून होती. एन्या एक ओळ गाते, ती मुद्रित होते; मग तीच ओळ पुन्हा गाते, आणखी पुन्हा, आणि हे थर एकावर एक बसविले जातात. एकाच थराच्या नकला यंत्राला सहज काढतां आल्या असत्या. त्यांनीं तें केलें नाहीं, आणि सारें मर्म येथेंच आहे. नकलेनें आवाज मोठा होतो, भरीव होत नाहीं. माणूस तीच ओळ दुसऱ्यांदा गातो तेव्हां श्वास केसभर उशिरा सुटतो, सूर कणभर सरकतो. या केसाकेसाच्या फरकांतून समूह उत्पन्न होतो. आमच्या वर्गांत पंचवीस मुलें एक पलटा म्हणतात तेव्हां जी गाज उठते, तिचें कारण तरी दुसरें काय?

पडद्याशीं तिचा संबंध या खोपटांतूनच जडला. डेव्हिड पटनम यांच्या 'द फ्रॉग प्रिन्स' या चित्रपटासाठीं तिनें संगीत रचलें. पण त्यांतील बरेंचसें दुसऱ्याकडून नव्यानें बांधून घेण्यांत आलें. नवख्याच्या वांट्यास हें येतेंच. मग बीबीसीनें केल्ट लोकांच्या इतिहासावर सहा भागांची मालिका काढली. तिच्याकडे आधीं एकच तुकडा मागितला होता. दिग्दर्शकास तो इतका रुचला कीं साऱ्या मालिकेचें संगीत तिच्याकडे आलें. १९८७ सालीं तें मुद्रिकारूपानें निघालें, आणि वॉर्नर कंपनीचे रॉब डिकिन्स यांनीं तिच्याशीं करार केला. पुढच्याच वर्षीं 'ओरिनोको फ्लो' हें तिचें गाणें ब्रिटनमध्यें तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतें. (दक्षिण अमेरिकेंत या नांवाची नदी आहे खरी, पण गाण्याला नांव मिळालें तें लंडनमधील ज्या ध्वनिमुद्रणगृहांत काम झालें त्यावरून.)

मला मात्र या यशापेक्षां एका लहानशा गोष्टीनें अधिक विचारांत पाडलें. १९९१ च्या 'शेफर्ड मून्स'मध्यें 'बुक ऑफ डेज' नांवाचें गाणें आहे. त्याचे शब्द मुळांत आयरिश होते. दुसऱ्या वर्षीं तें रॉन हॉवर्ड यांच्या 'फार अँड अवे' या चित्रपटांत घेण्यांत आलें. कथा आयर्लंड सोडून अमेरिकेस गेलेल्या तरुण जोडप्याची. आणि याच चित्रपटासाठीं आयरिश शब्द काढून इंग्रजी घालण्यांत आले! मुद्रिकेच्या पुढील आवृत्त्यांतही इंग्रजीच राहिले. २००१ सालीं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या पहिल्या चित्रपटासाठीं तिनें 'मे इट बी' रचलें. त्यांत रोमानें इंग्रजीच्या जोडीला टोल्किन यांनीं कल्पिलेली क्वेन्या भाषा योजली. तें गाणें ऑस्करच्या नामावळींत गेलें, २००२ च्या समारंभांत तिनें तें गाइलें. पारितोषिक मात्र रँडी न्यूमन यांच्या गाण्याला मिळालें. कोणाच्याही आईनें अंगाईंत न गाइलेली भाषा पडद्यावर चालली, आणि गायिकेच्या स्वतःच्या घरची भाषा दहा वर्षांपूर्वीं चालली नाहीं, हें मला कसेंसेंच वाटतें. २००५ च्या 'अमरंटाइन'साठीं तर रोमानें स्वतःच एक नवी भाषा निर्माण केली. अर्थ न लागतां केवळ नाद पोंचावा, या योजनेला तराण्यावर जीव टाकणारे आम्ही विरोध कोणत्या तोंडानें करणार? पण तराण्याच्या आधीं ख्याल झालेला असतो.

दोषही आहेत. १९९५ नंतरचीं तिचीं पुष्कळ गाणीं एकमेकींचीं लुगडीं नेसून वावरणाऱ्या बहिणींसारखीं वाटतात. लोकांपुढें दौरे काढून ती कधीं गात फिरली नाहीं. एवढे कंठ एकटीनें रंगमंचावर आणावे तरी कसे? चार ग्रॅमी पारितोषिकें तिला मिळालीं, आणि तिच्या मुद्रिका सात कोटींहून अधिक खपल्या असें मानतात. हे आकडे मी दादांना सांगितले. त्यांना ते आवडले नाहींत.

एन्यानें घर सोडलें म्हणून ती मोठी झाली, हें पुतणीचें म्हणणें. मला तें तितकें साधें वाटत नाहीं. एका कुटुंबांतून उठून तिनें तिघांचें दुसरें कुटुंब मांडलें, आणि मूळच्या घराचाही कांहीं अस्त झाला नाहीं. ती गेली त्याच १९८२ सालीं क्लॅनडनें 'हॅरीज गेम' या मालिकेसाठीं केलेलें गाणें ब्रिटनमध्यें पांचव्या क्रमांकापर्यंत चढलें. आणि तें होतें आयरिश भाषेंत. दादांच्या पक्षाला हा पुरावा मींच पुरविला, म्हणून पुतणी माझ्यावर थोडी रुष्ट आहे.

परवां रात्रीं जेवणें झाल्यावर दादांनीं आपण होऊन क्लॅनडची 'फूम' ही १९८२ ची मुद्रिका लावावयास सांगितली. एन्या त्या संचांत होती तेव्हांची ही. दोन गाणीं ऐकून झाल्यावर त्यांनीं विचारलें, "यांत तिचा आवाज कोणता?"

"एखाद्या गाण्यांत ती पुढें येते, बाबा. बाकी सर्वांत मिसळली आहे."

"तें पुढें येते तें लाव."

तिनें तें लावलें. तें संपल्यावर दादांनीं पुन्हा एकदां लावावयास सांगितलें, आणि कांहीं न बोलतां ते निजावयास गेले. वर्गाच्या किल्ल्या अजून त्यांच्या जानव्यालाच आहेत.