सन्मित्राचे एक लक्षण

भर्तृहरीने नीतिशतकात सन्मित्राची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत मित्राचे गुण प्रकट करणे हेही एक आहे. आम्ही शाळेत संस्कृत शिकवीत असता विद्यार्थ्यांस हे लक्षण फारच सोपे वाटे. मित्राची स्तुती करावयास कष्ट ते कोणते, असे ते विचारीत. तेव्हा आम्ही त्यांस पहिल्या महायुद्धाच्या काळातील दोन कवींची हकीकत सांगत असू. तीच आज वाचकांपुढे ठेवितो.

एडवर्ड थॉमस हा इंग्लंडातील एक गद्यलेखक. पत्नी व तीन मुले यांच्या निर्वाहासाठी तो पुस्तके व परीक्षणे अहोरात्र लिही. रॉबर्ट फ्रॉस्ट हा अमेरिकन. १९१२ साली तो सहकुटुंब इंग्लंडात येऊन राहिला होता. १९१३ च्या ऑक्टोबरात दोघांची भेट झाली आणि पुढील वर्षी ग्लॉस्टरशायर परगण्यातील डिमॉक गावाच्या परिसरात ते नित्य बरोबर फिरू लागले. त्याच ऑगस्टमध्ये युद्ध पेटले. फ्रॉस्टच्या 'नॉर्थ ऑफ बॉस्टन' या काव्यसंग्रहाचे मर्म थॉमसने आपल्या परीक्षणांतून लोकांस उलगडून दाखविले. उलट फ्रॉस्टने थॉमसला सांगितले की, तुझ्या गद्यातच कविता दडलेली आहे, ती पद्यात उतरव. ज्याने तोवर दुसऱ्यांच्याच कविता तोलल्या होत्या, तो थॉमस १९१४ च्या डिसेंबरात, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, कविता लिहू लागला. पुढल्या अवघ्या दोन-सव्वादोन वर्षांत त्याने एकशे चाळीसांहून अधिक कविता लिहिल्या.

१९१५ च्या फेब्रुवारीत फ्रॉस्ट मायदेशी परतला. जाताना थॉमसचा थोरला मुलगाही त्याने बरोबर नेला. मित्रावरील विश्वास याहून निराळा काय असतो? यापुढे स्नेहाचा सारा भार पत्रांवर पडला. टपाल आगबोटीने जाई, आणि समुद्रात जर्मन पाणबुड्या दबा धरून असत. मे महिन्यात 'ल्युसिटेनिया' ही प्रचंड उतारूबोट त्यांनी बुडविली. तरीही थॉमसच्या कविता अटलांटिक ओलांडून जात आणि मित्राचा अभिप्राय घेऊन उत्तरे येत.

याच पत्रव्यवहारात एक चमत्कारिक प्रसंग घडला. फिरावयास निघाले असता थॉमस कोणतीही वाट धरो, दुसरीच अधिक रमणीय असती असे त्यास मागाहून वाटे. या स्वभावाची थट्टा म्हणून फ्रॉस्टने 'द रोड नॉट टेकन' ही कविता रचून त्यास पाठविली. थॉमसने ती गंभीरपणे घेतली. फ्रॉस्टला थट्टेचा उलगडा करावा लागला. तेव्हा तुम्ही स्वतः शेजारी बसून सांगितल्यावाचून हा विनोद कोणास कळणार नाही, अशा आशयाचे उत्तर थॉमसने धाडले. त्याच जुलैत तो सैन्यात दाखल झाला. त्या कवितेनेच त्यास युद्धावर धाडले, असे काही म्हणतात. आम्हांस ते पटत नाही. सैन्यात जावे की अमेरिकेस मित्राकडे जावे, हा विचार त्याच्या मनात आधीपासून घोळत होता, आणि त्या वर्षी सक्तीची भरती नव्हती. त्याने आपली वाट आपणच निवडली.

थट्टेस चेहरा लागतो, स्वर लागतो. कागदावर ती हमखास पोहोचेल असा भरवसा नाही. मनापासून केलेली गुणग्राहक स्तुती मात्र सात समुद्र ओलांडूनही शाबूत पोहोचते. आमचे एक शिक्षकमित्र बदली होऊन परगावी गेले. आम्ही केलेले श्लोक त्यांस पाठवीत असू. अमुक चरण साधला, तमुक शब्द जड झाला, एवढेच ते पोस्टकार्डावर लिहीत. आता ते हयात नाहीत. त्यांची विनोदी पत्रेही थोडी नव्हती, परंतु आम्ही जपून ठेविली ती ही कार्डेच.

९ एप्रिल १९१७ रोजी, फ्रान्समधील अरासच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, थॉमस रणांगणावर पडला. हयातीत त्याच्या थोड्याच कविता, त्याही टोपणनावाने, छापून आल्या होत्या. त्याच वर्षी त्याचा संग्रह निघाला. तो फ्रॉस्टला अर्पण केलेला आहे. अमेरिकेतही तो प्रसिद्ध व्हावा म्हणून फ्रॉस्टने खटपट केली व ती सिद्धीस नेली. मित्राचे गुण प्रकट करण्याचे काम मित्र गेल्यावरही संपले नाही.

म्हणून वाचकांस एवढेच सांगणे आहे. स्नेह्यात, भावंडांत किंवा घरातील सुनेत एखादा गुण आपणांस दिसला असेल, तर तो त्या व्यक्तीस लिहून कळवावा. आपला गुण ज्याचा त्याला ठाऊक असतोच, असे धरून चालू नये. थॉमसला तो छत्तीस वर्षे ठाऊक नव्हता.